काळी नदी : तिचा भूगोल आणि तिच्यावरील विहार

मागील अंकी या सदरात तापीच्या खोऱ्याविषयी चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्या वाचून एका वाचक भगिनींनी पत्र पाठविले आहे. त्यांचे अकरा माणसांचे एकत्र कुटुंब दिवाळीच्या सुटीत कारवार जिल्ह्यातील दांडेलीस जावयाचा बेत करीत आहे. घरातील तरुण मुलांस तेथील काळी नदीच्या प्रवाहात रबरी तराफ्यात बसून जावयाचे आहे. सासूबाईंचा मात्र त्यास सक्त विरोध आहे. "ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्या पाण्यात आमच्या घरचे मूल उतरावयाचे नाही," असे त्यांचे म्हणणे. मुले हसतात, सासूबाई पानावरून उठून जातात, आणि उभयतांच्या मध्ये सापडलेल्या सूनबाई मजला विचारतात की, यात खरे कोणाचे?

प्रश्न घरगुती दिसतो, परंतु त्याचे उत्तर भूगोलात आहे. तेव्हा प्रथम त्या नदीचीच ओळख करून घेऊ, आणि मग सासूबाई व मुले यांच्या वादाकडे वळू.

नदीस काळी म्हणण्याची चाल आपल्या देशात जुनी आहे. आपली कृष्णा तर नावानेच काळी. यमुनेस कालिंदी म्हणतात, ते काळेपणावरून असे पुष्कळांस वाटते. पण तो शब्द कलिंद पर्वतावरून आला आहे, कारण यमुना तेथून निघते. तथापि यमुनेचे पाणी सावळे, ही समजूत शब्दाच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. प्रयागच्या संगमास 'सितासित' म्हणतात. सिता म्हणजे पांढरी ती गंगा आणि असिता म्हणजे काळी ती यमुना. आणि आमच्या खानदेशाची तापी ही पुराणांप्रमाणे सूर्यकन्या, म्हणजे यमुनेची बहीणच. कुरूची माता तपती हीच तापी मानिली जाते, आणि म्हणूनच महाभारतात एक गंधर्व अर्जुनास 'तापत्य' असे संबोधितो. या नात्याने पाहिले तर लोणखेड्यास गोमाईकाठी राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने काळ्या पाण्याविषयी लिहावे, यात फारसे वावगे नाही. कारण आमची गोमाई प्रकाशे येथे त्या सूर्यकन्येसच मिळते.

आता पाणी काळे का दिसते? त्याची कारणे मुख्यतः तीन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच घरोघरी गैरसमज होतात.

पहिला काळेपणा सावलीचा. संथ पाणी हे आरशासारखे असते. वर निळे आकाश असेल तर ते निळे दिसते. दोन्ही काठांवर दाट झाडी व उंच डोंगर असतील तर तेच पाणी काळेभोर दिसते. त्यात डोह खोल असला आणि तळाशी गडद रंगाचा खडक असला, म्हणजे आत गेलेला उजेड परत बाहेर येत नाही. या पाण्यात स्वतःचा रंग काहीच नसतो.

दुसरा काळेपणा पानांचा. बाभळीच्या सालीत व हिरड्यात जे तुरट द्रव्य असते, तशाच जातीची द्रव्ये कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरतात, आणि कात भिजविलेल्या पाण्यासारखा रंग त्यास येतो. पाश्चात्त्य भूगोलवेत्ते ज्यांस खरोखर काळ्या पाण्याच्या नद्या म्हणतात त्या याच. त्यांतील सर्वांत मोठी दक्षिण अमेरिकेत आहे. तिचे नाव रिओ नेग्रो. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थच काळी नदी. ब्राझील देशातील मानाउस शहरापाशी ती सोलिमोएस नावाच्या गढूळ, मातकट नदीस मिळते. दोहींचे तापमान, वेग व घनता भिन्न असल्यामुळे सुमारे सहा किलोमीटरपर्यंत त्यांची पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. सितासित संगमाचे याहून ढळढळीत उदाहरण पृथ्वीवर क्वचितच सापडेल.

तिसरा काळेपणा घाणीचा. त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. गावाचे सांडपाणी ज्या ओढ्यात सोडले जाते, तो ओढा कोणीही पाहावा. सासूबाईंच्या पिढीने आपल्या डोळ्यांदेखत कितीतरी स्वच्छ ओढे असे काळे झालेले पाहिले आहेत. तेव्हा काळे पाणी म्हणताच त्यांच्या मनात किळस उत्पन्न व्हावी हे साहजिक आहे.

गेल्या मार्गशीर्षात मी पुतण्याच्या कुटुंबाबरोबर दांडेलीस गेलो होतो. नदीचा डोह पाहताच आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, हे पाणी घाण आहे का हो?" मी तिला म्हटले, "आपण त्यालाच विचारू." जवळच्या उथळ जागी काचेच्या पेल्यात पाणी घेतले व उजेडाकडे धरले. पाणी स्वच्छ, बिनरंगाचे होते. पानांचा काळेपणा असता तर पेल्यातही चहाची छटा राहिली असती. घाणीचा असता तर नाकानेच सांगितले असते. सावलीचा काळेपणा तेवढा पेल्यात येत नाही. "म्हणजे काळे पाणी नाही, काळा डोह आहे," असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. ही परीक्षा कोणत्याही नदीवर मुलांकडून करवून घेण्यासारखी आहे. अर्थात पेल्यात स्वच्छ दिसले म्हणून पाणी पिण्याजोगे झाले असे नव्हे, हेही त्यांस त्याच वेळी सांगावे.

आता नदीचा मार्ग. काळी ही सुमारे १८४ किलोमीटर लांबीची नदी असून उगमापासून मुखापर्यंत ती कारवार जिल्ह्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात वाहते. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमच्या खानदेशाबरोबर एकाच कारभाराखाली होता. त्यामुळे कारवार, सुपे, हल्याळ ही नावे जुन्या मराठी घरांस परकी नाहीत. आजही त्या भागात मराठी व कोंकणी घरोघर ऐकू येते.

जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या माथ्यावर डिग्गी नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास काळीचा उगम आहे. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असून ती प्रथम त्याकडे पाठ फिरविते व पूर्वेस दांडेलीकडे जाते. तेथून दक्षिणेस वळते, आणि मग घाट फोडून पश्चिमेस कारवारपाशी अरबी समुद्रास मिळते. या वळशामुळे तिला मोठे अरण्य ओलांडावे लागते. सह्याद्रीच्या या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, तो सारा हे अरण्य धरून ठेविते व सावकाश नदीस देते. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली घोषित झाले. शेजारचे अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ साली त्यास या नदीचेच नाव देऊन काळी व्याघ्रप्रकल्प असे म्हणू लागले. वाघ, काळा बिबळ्या, धनेश, पाणमांजर ही या रानाची प्रसिद्ध मंडळी.

उगमाकडच्या भागात काळीस एक नदी मिळते, तिचे नाव पांढरी. या दोहींच्या संगमावर जुने सुपे गाव होते, आणि तालुक्याचे ठाणेही तेथेच होते. काळी आणि पांढरी ही जोडी मराठी शेतकऱ्यास दुसऱ्या अर्थानेही ठाऊक आहे: गावाच्या भाषेत काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे घरे बांधून राहण्याची जागा. सुप्याच्या लोकांच्या या दोन्ही गोष्टी सुपे धरणाच्या पाण्याखाली गेल्या. गावच्या लोकांस रामनगर येथे नव्याने वसविण्यात आले, आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले. हे धरण १९८७ साली पुरे झाले. त्याची उंची १०१ मीटर आहे. दांडेलीस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे की, तेथे तरुण मंडळी ज्या प्रवाहावर आनंद लुटतात तो प्रवाह एका बुडालेल्या गावावरून येतो.

हे धरण पाण्यासाठी नव्हे, मुख्यतः विजेसाठी बांधले आहे. त्याच्या खाली नागझरी, कोडसळ्ळी व कद्रा अशी वीजगृहांची माळच आहे. तेच पाणी एकामागून एक पायऱ्या उतरत चाकी फिरवीत जाते. काळीवरील विहाराचे मर्म येथे आहे. सह्याद्रीतील बहुतेक नद्या माघ-फाल्गुनात ओसरतात आणि वैशाखात त्यांच्या जागी गोटे उरतात. काळी मात्र सुप्याच्या खाली उन्हाळ्यातही खळाळते, कारण वीज निर्माण करून झालेले पाणी तिच्यात सोडले जाते. गणेशगुडी हे ठिकाण धरणाच्या पायथ्याशीच आहे. तेथून खाली काही किलोमीटरपर्यंत खडकाळ उतार व लहान-मोठे धबधबते टप्पे लागतात. तरुणांचे राफ्टिंग चालते ते याच भागात. आपल्या महाराष्ट्रात कोलाड येथे कुंडलिकेवर हाच खेळ चालतो, आणि तोही भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावरच.

म्हणजे हा प्रवाह पावसाच्या इच्छेने येत नाही. कोठे किती वीज हवी, यावर तो अवलंबून आहे. आपल्या वाडवडिलांस पुराची जी चिन्हे ठाऊक होती, ती येथे उपयोगी पडत नाहीत. डोंगरावर काळे ढग आले, पाण्यात काटक्या-पाने वाहून येऊ लागली, गढूळपणा वाढला, की काठ सोडावा, हे आमच्या गोमाईकाठच्या पोरासही कळते. धरणाखाली मात्र आकाश निरभ्र असता, पक्षी गात असता, घोट्याएवढे पाणी थोडक्या वेळात कमरेएवढे होऊ शकते. ज्या खडकावर बसून कुटुंबाने फराळाचे डबे उघडले, तो खडक काही वेळाने बेट होतो आणि मग नाहीसा होतो. म्हणून धरणाखालील नदीत पाणी केव्हा सुटावयाचे हे विचारल्यावाचून पाय घालू नये, आणि भोंगा वाजला की चप्पल शोधीत बसू नये.

तराफ्याच्या खेळासही हाच न्याय. लाइफ जॅकेट, हेल्मेट, शिकलेला वाटाड्या आणि तराफ्यात ठरल्याइतकीच माणसे, एवढे असेल तर हा खेळ धाडसाचा असला तरी अविचाराचा नव्हे. परंतु २०२२ च्या एप्रिल महिन्यात गणेशगुडीजवळ माणसांनी भरलेला एक तराफा प्रवाहात अडकला. त्यातील मंडळी कशीबशी वाचली, आणि त्यानंतर काही काळ तेथील जलक्रीडा बंद ठेवण्यात आल्या. नदी त्या दिवशी निराळी नव्हती. तिच्यावर बसणाऱ्यांनी तिचा विचार कमी केला होता.

गणेशगुडीहून खाली आले की दांडेली लागते. येथे उतार मंदावतो, पाणी पसरते, डोह होतात, आणि नदी अगदी सात्त्विक दिसू लागते. वरच्या खळाळास भिणाऱ्या माणसास वाटते की, येथे तरी मुलांस डुंबू द्यावे. पण हा समज उलटा आहे. दांडेलीच्या परिसरात काळीत मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत त्या खडकांवर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि होडीतून किंवा काठावरून त्या पाहणे हा मोठा आनंद आहे. परंतु खडकावरची मगर दिसते, डोहातली दिसत नाही. भागवतातील कालियाची कथा घरोघर सांगितली जाते. तीत मुलांचा चेंडू डोहात पडला हे आपण आपल्या ओव्या-गाण्यांत घातले. मूळ भागवतात गाईगोपाळांनी तहानेने ते पाणी प्यायले असे आहे. दोन्ही रीतींनी कथा एकच सांगते की, संथ आणि सावळा डोह हा ओळखीवाचून जवळ करण्याचा नव्हे. कृष्णाने उडी टाकली ती आत काय आहे हे जाणून टाकली.

येथे आणखी एक शाळेतील गोष्ट आठवावी. पाण्यातून बाहेर येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे डोहाचा तळ असतो त्याहून वर आल्यासारखा दिसतो. चार हात खोल पाणी वरून तीनच हात वाटते. स्वच्छ पाण्यातही डोळा एवढा फसतो. काळ्या डोहात तर तळ मुळीच दिसत नाही, तेव्हा फसावयासही काही उरत नाही. आणि बुडणारा मनुष्य हाका मारतो, हात हलवितो, हे नाटकात. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीशी असता हाक निघत नाही. मूल मुकाट्याने खाली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत पाच वर्षांखालील मुलांचा वाटा जवळजवळ चौथाईचा होता. ही संख्या सासूबाईंच्या बाजूची आहे, हे मुलांनी मान्य करावे.

दांडेलीच्या पुढे नदी घाटात शिरते. हा भाग सहलीच्या मंडळीस क्वचितच दिसतो, आणि तो तसाच राहावा हे बरे. दोन्ही अंगांस उभे डोंगर, तळाशी अरुंद दरी आणि दाट रान. कानेरी नावाच्या उपनदीवर सिंथेरी येथे एक प्रचंड अखंड कातळ उभा आहे. तो पाहावयास लोक जातात. तेथेही पाण्यात उतरण्याचा मोह आवरावा. याच खालच्या भागात, कद्रा जलाशयाच्या काठी, कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. त्यातील एक संच ९६२ दिवस न थांबता चालून २०१८ च्या डिसेंबरअखेर विसावला. तो त्या काळचा जागतिक विक्रम ठरला. ज्या नदीच्या नावाने आपणास कालीमातेचे स्मरण होते, तिच्या अंगाखांद्यावर एवढी शक्ती साठविलेली आहे.

कद्र्याच्या खाली नदीचे तिसरे रूप सुरू होते. येथे तिला समुद्राची भरती भेटावयास येते. पात्र रुंद, काठी माडांच्या रांगा, खाजणे, कांदळवन, मासेमाऱ्यांच्या होड्या. रस्ते नव्हते त्या काळी याच पाण्यावरून माल ये-जा करी. मुखापासून थोडे आत कडवाड गाव आहे. त्या परिसरात इंग्रज व्यापाऱ्यांनी १६३८ साली वखार घातली, आणि कारवार हे नाव त्या कडवाडावरूनच पडले असे म्हणतात. उत्तर तीरावर सदाशिवगडाची टेकडी आहे. सोंद्याच्या राजाने तेथे किल्ला बांधून त्यास आपल्या पित्याचे नाव दिले.

या खाडीवरील विहाराचे एक सुंदर वर्णन रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या 'जीवनस्मृती'त लिहून ठेविले आहे. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ कारवारास जिल्हा न्यायाधीश होते, तेव्हा बावीस वर्षांच्या आतबाहेरचे रवींद्रनाथ त्यांच्याकडे जाऊन राहिले होते. शुक्लपक्षातील एका रात्री मंडळी लहान होडीतून काळीत वर गेली. वाटेत उतरून एक जुना डोंगरी किल्ला पाहिला, एका शेतकऱ्याच्या झाडून लख्ख केलेल्या अंगणात चांदण्यात बसून बरोबर नेलेले जेवण जेवली, आणि परत येताना होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशी पोचावयास फार वेळ लागला, म्हणून शेवटी वाळूवरून चालत घरी गेली. याच कारवारात त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्य लिहिले. त्या रात्री कोणी पाण्यात उडी टाकली नाही, कोणी पैज मारली नाही. आणि तरीही पन्नाशीस पोचलेल्या कवीस ती रात्र आठवावीशी वाटली.

मात्र खाडी संथ म्हणून ती निरुपद्रवी, असेही समजू नये. ओहोटीच्या वेळी सारे पाणी समुद्राकडे ओढ घेते, आणि वल्हविणाऱ्याचे हात थकतात. मनुष्याची बांधकामेही अमर नसतात. कारवार व सदाशिवगड जोडणारा, चाळीस वर्षांपूर्वीचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला. त्यावरून जाणारा एक मालट्रक खाली पडला. त्याच्या चालकास अंधाऱ्या पाण्यातून जिवंत बाहेर काढण्यात आले. भर श्रावणातील पाणी, रात्रीची वेळ, आणि नदीशी नित्य परिचय असलेली माणसे वेळेवर धावली, म्हणून तो वाचला.

आता मूळ वादाकडे वळू. सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. त्यांनी दिलेले कारण तेवढे अपुरे आहे. तळ न दिसणाऱ्या पाण्यात अनोळखी माणसाने उतरू नये, हे त्रिकालाबाधित सत्य होय. पण पाणी काळे म्हणजे ते अपवित्र किंवा घातकी, असे नाही. मुलांचेही म्हणणे खोटे नाही; तरुण वयात थोडा थरार हवाच, आणि योग्य साधनांनिशी तो घेता येतो. त्यांची चूक एवढीच की, सारी नदी एक आहे असे ते समजतात. वर सांगितल्याप्रमाणे काळी ही तीन नद्यांसारखी आहे. धरणाखालची काळी तराफ्यासाठी, आणि तीही तरुणांसाठी व जाणत्या वाटाड्याबरोबर. दांडेलीच्या डोहांची काळी पाहण्यासाठी. पक्षी, मगरी, रानाची सावली. मुखाजवळची काळी सर्वांसाठी. तेथे भरतीच्या वेळी संध्याकाळी होडीत आजीबाईंपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांनी बसावे, मात्र जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असावे. अकरा माणसांचे कुटुंब आहे. प्रत्येकास आपल्या वयाजोगी नदी मिळेल.

याहून एक मोठी गोष्ट मला सांगावयाची आहे, आणि ती सहलीपुरती नाही. आमच्या पिढीस पोहणे कोणी शिकविले नाही. ते आम्ही विहिरीत व नदीत, पाठीस सुका भोपळा बांधून, थोरल्या भावाच्या शिव्या खात शिकलो. कोणता डोह खोल, कोठे भोवरा, कोठे चिखलात पाय रुततो, हे गावातील प्रत्येक मुलास पाठ असे. पुढे नळ घरात आले, विहिरींवर झाकणे पडली, आणि नदीवर जाणे बंद झाले. ज्या मुलांनी आपल्या गावच्या नदीत कधी पाय बुडविला नाही, तीच मुले आज शेकडो कोस दूर जाऊन अनोळखी नदीत उडी टाकू पाहतात. घरातील मुलींची अवस्था तर याहून बिकट; त्यांस पोहणे येणे हे अजूनही अनेक घरांत अनावश्यक समजतात, जणू पाणी बुडविताना मुलगा-मुलगी पाहते. दांडेलीच्या सहलीस जो खर्च लागेल, त्याच्या लहानशा भागात घरातील सर्व मुला-मुलींस तालुक्याच्या तरणतलावावर महिनाभर शिकविता येईल. हे काम दिवाळीपूर्वी सुरू करावे.

आणि प्रवासास निघताना सासूबाईंनी चार प्रश्न एका कागदावर लिहून आपल्या पिशवीत ठेवावेत. या जागेच्या वर धरण आहे काय, आणि आज पाणी केव्हा सुटणार? येथील खोली व तळ प्रत्यक्ष ठाऊक असलेला स्थानिक मनुष्य आपल्याबरोबर कोण आहे? या पाण्यात मगर, भोवरा किंवा ओहोटीची ओढ आहे काय? आणि आपल्यापैकी पोहता कोणास येते, व उरलेल्यांवर लक्ष कोणी ठेवावयाचे? चारही प्रश्नांस स्पष्ट उत्तरे मिळाली, तर मुलांस आशीर्वाद देऊन खुशाल तराफ्यात बसू द्यावे. एकाही प्रश्नास "काही होत नाही हो, आजी" असे उत्तर आले, तर मात्र तेथून उठावे, आणि कोणी कितीही हसले तरी परत बसू नये.

पत्र धाडणाऱ्या भगिनींनी सहलीहून आल्यावर पुन्हा अवश्य लिहावे. सासूबाई स्वतः होडीत बसल्या की नाहीत, हे जाणण्याची आमच्या घरीही उत्सुकता आहे.